मोठ्या डुकरासाठी मोठे धनुष्य? आधी बाण पाहा

अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात तिरंदाजीचे सामान विकणाऱ्या दुकानात एक प्रश्न नेहमी कानावर पडतो : ‘मोठे रानडुक्कर मारायचे आहे, किती पौंडांचे धनुष्य घेऊ?’ प्रश्न साधा वाटतो. जनावर जेवढे दांडगे तेवढे हत्यार दांडगे, असा सरळ हिशोब त्यामागे असतो. पण अनुभवी दुकानदार बहुधा उलट प्रश्न करतो : ‘बाण कोणता लावणार आहात?’

हा उलट प्रश्न महत्त्वाचा आहे. धनुष्य कितीही ताकदीचे असले तरी जनावराच्या अंगात शिरतो तो बाण. तो चार बोटे आत जाऊन अडकला, तर डुक्कर झुडपात नाहीसे होते. मग ते मोडकी दांडी अंगात घेऊन कित्येक दिवस वावरते किंवा जखम चिघळून कुठल्या तरी ओढ्यात मरते. तोच बाण छातीतून आरपार गेला, तर बहुधा काही सेकंदांत सगळे संपते. या दोन शेवटांमधला फरक भौतिकशास्त्र आणि शरीररचना ठरवते. शिकारीच्या बाजूचा असो वा विरोधातला, जनावराचे हाल होऊ नयेत असे वाटणाऱ्या प्रत्येकाने हा फरक समजून घेण्यासारखा आहे.

हे जनावर आले कुठून

अमेरिका खंडात डुक्कर मूळचे नाही. १५३९मध्ये एर्नांदो द सोतो हा स्पॅनिश मोहिमेचा प्रमुख फ्लोरिडात उतरला, तेव्हा त्याने खाण्यासाठी पाळीव डुकरे बरोबर आणली होती. त्यातली काही सुटली आणि रानटी झाली. पुढे १९१२मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या हूपर बाल्ड या डोंगरावर खास शिकारीसाठी युरोपी रानडुकरे आणून ठेवण्यात आली. तीही कुंपण तोडून पळाली आणि आधीच्या डुकरांत मिसळली. आज तिथे दिसते ती ही संकरित प्रजा. अमेरिकी कृषी खात्याच्या अंदाजानुसार तीसहून अधिक राज्यांत मिळून त्यांची संख्या साठ लाखांच्या वर आहे. शेती, कुरणे आणि पाणवठे यांचे ती दरवर्षी अब्जावधी डॉलरचे नुकसान करतात. म्हणूनच टेक्ससमध्ये २०१९पासून जमीनमालकाची संमती असेल, तर खासगी जमिनीवर रानडुकराच्या शिकारीसाठी परवानाही लागत नाही.

सर्वसाधारण प्रौढ डुक्कर ५० ते १०० किलोंचे असते. वयात आलेला मोठा नर १३० किलोंच्याही पुढे जातो. बहुतेक शिकारी बंदूक वापरतात. पण काही जण मुद्दाम पारंपरिक धनुष्य घेतात. ‘पारंपरिक’ म्हणजे सरळ लाकडी घडणीचे लाँगबो किंवा टोके पुढे वळलेले रिकर्व्ह. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३मध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवले ते कंपाउंड धनुष्यावर. त्याच्या टोकांना चाके असतात. दोरी पूर्ण ओढली की ही चाके बराचसा भार स्वतःवर घेतात, त्यामुळे नेमबाजाला निवांत नेम धरता येतो. पारंपरिक धनुष्यात ही सोय नाही. जितके ओढावे तितका ताण वाढत जातो आणि पूर्ण ओढल्यावर तो सगळाच्या सगळा बोटांवर, पाठीवर आणि खांद्यावर येतो. सामानाची निवड करताना हीच गोष्ट पुढे निर्णायक ठरते.

खांद्यावरची ढाल

नर डुकरे एकमेकांशी झुंजतात ती खांद्याला खांदा भिडवून, सुळ्यांचे घाव घालत. या झुंजीसाठी निसर्गाने त्यांना चिलखत दिले आहे. खांद्यापासून बरगड्यांपर्यंत कातडीखाली दाट, चिवट तंतूंचा थर असतो. शिकारी त्याला ‘शील्ड’, म्हणजे ढाल म्हणतात. वय वाढते तसा हा थर जाड आणि कडक होत जातो. म्हाताऱ्या नरात तो काही सेंटीमीटर जाडीचा होतो. त्यावर राठ केस, आणि बऱ्याचदा केसांत वाळलेला चिखल. मादीत आणि लहान नरात अशी ढाल जवळजवळ नसतेच. म्हणून ४० किलोंच्या डुकरावर उत्तम काम केलेला बाण १४० किलोंच्या नरावर निकामी ठरू शकतो.

दुसरी अडचण अवयवांच्या जागेची. हरणाच्या शिकारीची सवय असलेला माणूस पुढच्या पायाच्या थोडा मागे, छातीच्या मध्यावर नेम धरतो. डुकराचे हृदय आणि फुप्फुसे त्याहून खाली आणि पुढे असतात. हृदय तर पुढच्या दोन पायांच्या मधोमध, छातीच्या तळाशी असते. हरणाचा नेम डुकरावर धरला, तर बाण बऱ्याचदा पोटात किंवा पाठीच्या कण्याखालच्या मांसात जातो. जनावर लगेच मरत नाही आणि सापडतही नाही.

तिसरी अडचण रक्ताच्या मागाची. कातडीखालची चरबी सरकून जखमेचे तोंड बंद करते आणि दाट केस रक्त शोषून घेतात. बाण एकाच बाजूने शिरून आत राहिला, तर जमिनीवर रक्ताचा थेंबही दिसत नाही. म्हणून बाण दुसऱ्या बाजूने बाहेर पडणे गरजेचे असते. खालच्या बाजूला छिद्र झाले की रक्त बाहेर येते, माग लागतो आणि जनावर लवकर सापडते.

बाण मारतो कसा

बंदुकीची गोळी आणि बाण यांची तुलना केली की बाणाचे गणित उलगडते. मोठ्या शिकारीच्या रायफलीतून सुटलेल्या गोळीत साधारण ३,५०० ज्यूल ऊर्जा असते. ५० पौंडांच्या पारंपरिक धनुष्यातून सुटलेल्या बाणात जेमतेम ४५ ज्यूल, म्हणजे सत्तर-ऐंशी पट कमी. गोळी धक्क्याने ऊती उद्ध्वस्त करते. बाणात तेवढा जोर मुळीच नाही. तो फक्त कापतो. मोठ्या रक्तवाहिन्या कापल्या गेल्या की रक्तदाब कोसळतो. छातीला दोन्हीकडून भोक पडले की हवा आत शिरून फुप्फुसे आक्रसतात. मेंदूला रक्त मिळेनासे होते आणि जनावर पडते.

ही गोष्ट जवळून अभ्यासली ती एका शल्यविशारदाने. सॅक्स्टन पोप हे सॅन फ्रान्सिस्कोत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत. १९११मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ याही जमातीचा शेवटचा माणूस लोकांसमोर आला. त्याने आपले खरे नाव कधीच सांगितले नाही. त्याच्या भाषेत ‘माणूस’ या अर्थाचा शब्द ‘इशी’, तेच त्याचे नाव झाले. विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहू लागला आणि पोप त्याचे डॉक्टर झाले. इशीकडून पोप तिरंदाजी शिकले. १९१६मध्ये इशी क्षयाने गेला, पण पोप यांनी प्रयोग सुरू ठेवले. हरणाच्या कातड्याखाली गाईचे यकृत ठेवून त्यांनी त्यावर पोलादी टोकाचे आणि ऑब्सिडियन या ज्वालामुखी काचेच्या टोकाचे बाण मारून पाहिले. काचेच्या टोकाचा बाण अधिक खोल गेला. कारण धार. ऑब्सिडियनची कड पोलादापेक्षा तीक्ष्ण होती. १९२३मध्ये त्यांचे धनुष्यबाणाच्या शिकारीवरचे पुस्तक निघाले. अमेरिकेत ही शिकार पुन्हा रुजली ती त्यानंतर.

धारेचा दुसरा फायदाही डॉक्टरांना चांगला ठाऊक असतो. बोथट पात्याने ऊती चिरडतात, फाटतात, आणि अशा जखमेत रक्त लवकर गोठू लागते. स्वच्छ कापलेली रक्तवाहिनी मात्र वाहत राहते. म्हणून पाते दाढीच्या ब्लेडसारखे असावे लागते. दुकानातून आणलेले नवे पातेही बऱ्याचदा तेवढे धारदार नसते. ते घरी दगडावर लावून, चामड्यावर घासून घ्यावे लागते. हाताला जाणवणारी धार पुरेशी नाही. ताणलेले रबरबँड हलक्या स्पर्शाने तुटले पाहिजे, अशी एक सोपी कसोटी जुने शिकारी वापरतात.

हलका आणि वेगवान की जड आणि संथ?

आता बाणाच्या वजनाकडे वळू. तिरंदाजीत वजन ‘ग्रेन’मध्ये मोजतात. १५.४ ग्रेन म्हणजे एक ग्रॅम. एकाच ५० पौंडांच्या धनुष्यातून दोन बाण सोडले असे समजू. पहिला ३५० ग्रेनचा, म्हणजे सुमारे २३ ग्रॅमचा. तो साधारण सेकंदाला ५८ मीटर वेगाने सुटेल. दुसरा ६५० ग्रेनचा, म्हणजे ४२ ग्रॅमचा. त्याचा वेग ४६ मीटरच्या आसपास राहील. पहिल्याची ऊर्जा ३८ ज्यूल, दुसऱ्याची ४५. वेग कमी असूनही जड बाणाची ऊर्जा जास्त, कारण जड बाण धनुष्यात साठलेल्या शक्तीचा मोठा वाटा घेऊन निघतो. हलक्या बाणाच्या वेळी उरलेली शक्ती धनुष्याच्या थरथरीत आणि आवाजात वाया जाते. संवेगाचा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग याचा, फरक तर आणखी मोठा आहे. हलक्याचा १.३, जडाचा जवळपास २. बाण चिवट थरात शिरताना त्याला अडवणाऱ्या घर्षणाला तोंड देत पुढे जायचे असते आणि तिथे हा संवेग उपयोगी पडतो. टेबल टेनिसचा चेंडू आणि गोट्यांमधली मोठी गोटी भिंतीकडे फेकून पाहिली की हे मुलांनाही कळते.

या विषयावर सर्वाधिक मैदानी काम एड ॲशबी या अमेरिकी शिकाऱ्याचे आहे. १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात त्यांनी नुकत्याच मेलेल्या मोठ्या जनावरांवर वेगवेगळे बाण मारून ते किती खोल जातात याच्या नोंदी केल्या. पुढेही ही मोजमापे चालू राहिली. बाण खोल जाण्यासाठी बारा गोष्टी महत्त्वाच्या असतात, असे त्यांनी मांडले. त्यांच्या यादीत पहिला क्रमांक वजनाला नाही, बाणाच्या मजबुतीला आहे. हाडावर आदळल्यावर दांडी तुटली किंवा पाते वाकले, की बाकीचे सगळे गुण व्यर्थ. दुसरा क्रमांक बाणाच्या सरळ उडण्याला. डुलत जाणारा बाण तिरका आदळतो आणि त्याची शक्ती बाजूला जाते. वजनाबाबत त्यांचे निरीक्षण असे, की बाण ६५० ग्रेनच्या आसपास पोहोचला की जाड हाड भेदून जाण्याची शक्यता लक्षणीय वाढते. हे प्रयोगशाळेतले नियंत्रित प्रयोग नव्हते आणि हा आकडा सगळेच मानतात असे नाही. हरणासाठी एवढ्या जड बाणाची गरज नाही, हेही खरे. पण ढाल असलेल्या मोठ्या नरासाठी मात्र जड बाणाकडे बहुतेकांचा कल असतो.

जड बाणाची किंमतही मोजावी लागते. तो लवकर खाली येतो, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकला की फटका बसतो. वरच्या उदाहरणातला ४२ ग्रॅमचा बाण घेतला, तर १८ मीटरवर अंतर एका मीटरने चुकल्यास तो सुमारे चार सेंटीमीटर वर-खाली लागतो. ३६ मीटरवर तीच एका मीटरची चूक साडेआठ सेंटीमीटरची होते. शिवाय लांबच्या अंतराचा अंदाज अधिक चुकतो, तो भाग वेगळा. म्हणजे जड बाण निवडणाऱ्याने जवळून मारण्याची शिस्तही निवडलेली असते.

बाणाची जुळणी

६५० ग्रेनचा बाण तयार कसा होतो, हे एका उदाहरणाने पाहू. कार्बनची दांडी १८ ग्रॅम, तिच्या तोंडात बसवलेला पितळी तुकडा साडेसहा ग्रॅम, पोलादी पाते १६ ग्रॅम, पिसे आणि मागची खाच मिळून दीड ग्रॅम. एकूण ४२ ग्रॅम. यात अर्ध्याहून अधिक वजन पुढच्या टोकाला आहे. हे मुद्दाम केलेले असते. पुढे जड असलेला बाण लवकर सरळ होतो आणि अंगात शिरल्यावर मागून ढकलला जाण्याऐवजी पुढून ओढला गेल्यासारखा जातो. दांडीची जाडी पात्याच्या मानेपेक्षा थोडी कमी असावी, म्हणजे पात्याने केलेल्या वाटेत ती घासत नाही.

पाते कोणते? पारंपरिक धनुष्यासाठी उत्तर जवळजवळ एकच आहे : दोन धारांचे, अखंड पोलादाचे, घट्ट बसणारे आणि रुंदीपेक्षा लांबीला बरेच जास्त. रुंदी एक पट आणि लांबी तीन पट, हे प्रमाण चांगले समजले जाते. लांबट पाते उतरत्या फळीसारखे काम करते, थोड्या जोरात आत सरकते. आदळल्यावर उघडणारी पातीही बाजारात मिळतात आणि जाहिरातीत ती मोठी जखम करताना दिसतात. पण ती उघडण्यातच बाणाची बरीच शक्ती खर्च होते. कंपाउंड धनुष्याला हा खर्च परवडू शकतो. ४५ ज्यूलच्या बाणाला ढालीसमोर तो परवडत नाही.

यानंतर येतो दांडीचा ताठपणा. तिरंदाज त्याला ‘स्पाइन’ म्हणतात. पारंपरिक धनुष्यात बाण मुठीच्या बाजूला टेकलेला असतो, धनुष्याच्या बरोबर मध्यातून तो जात नाही. मग तो सरळ कसा जातो? बेल प्रयोगशाळेतले भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी १९३०च्या दशकात अतिवेगवान छायाचित्रे घेऊन हे दाखवले. दोरी सुटताच बाण धनुष्यासारखा वाकतो, मुठीला वळसा घालतो, मग उलट वाकतो आणि काही मीटर गेल्यावर सरळ होतो. दांडी फार ताठ असेल तर वळसा पुरेसा होत नाही, फार लवचिक असेल तर ती जास्त डुलते. म्हणून दांडीचा ताठपणा धनुष्याच्या ताणाशी आणि पुढच्या वजनाशी जुळावा लागतो. टोकाला जड पाते लावले की दांडी अधिक लवचिक असल्यासारखी वागते, हे विसरून चालत नाही.

जुळणी तपासण्याची पद्धत स्वस्त आहे. पिसे लावलेले आणि पिसे नसलेले बाण जवळून एकाच ठिकाणी मारून पाहायचे. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण डावीकडे लागला तर दांडी फार ताठ, उजवीकडे लागला तर फार लवचिक. दोन्ही एकत्र लागेपर्यंत दांडीची लांबी किंवा टोकाचे वजन बदलत राहायचे. या कामाला दोन-तीन शनिवार-रविवार जातात. ते टाळून घेतलेले महागडे धनुष्य काही कामाचे नसते.

एक काळजी मात्र दर वेळी घ्यायची. कार्बनची दांडी मारण्यापूर्वी हातात वाकवून कान देऊन ऐकायची. बारीकसा कडकड आवाज आला तरी ती टाकून द्यायची. चीर गेलेली दांडी सुटताना फुटली, तर तिचे तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

आता धनुष्य

एवढे झाल्यावर ‘किती पौंडांचे?’ या मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. मोठ्या डुकरासाठी ४५ ते ५५ पौंड, म्हणजे साधारण २० ते २५ किलोंचा ताण बहुतेकांना पुरतो. ऑलिंपिकमधले पुरुष तिरंदाज ४५ ते ५० पौंडांच्या आसपासची धनुष्ये वापरतात आणि ते रोज सराव करणारे लोक असतात, हे लक्षात घेतले की ६५ पौंडांचे धनुष्य घेऊन जंगलात जाणाऱ्या हौशी माणसाची अडचण कळते.

दुकानात ऐटीत ओढलेले जड धनुष्य जंगलात वेगळे वागते. दोन तास न हलता बसून अंग थंडीने आखडलेले असते. डुक्कर समोर आल्यावर काळीज धडधडत असते आणि बसल्या जागेवरून, आवाज न करता, सावकाश दोरी ओढायची असते. ताण झेपत नसेल तर हात गालापर्यंत पोहोचण्याआधीच दोरी सुटते. नेम चुकतोच, शिवाय दोरी कमी ओढली गेल्याने बाणाची ताकदही घटते. म्हणजे ज्या जोरासाठी जड धनुष्य घेतले तोच हातचा जातो. झेपणारे ४८ पौंडांचे धनुष्य न झेपणाऱ्या ६० पौंडांपेक्षा प्रत्यक्षात जास्त जोराने मारते, ते असे.

शरीरालाही याचा त्रास होतो. खांद्याचा सांधा फिरवणाऱ्या लहान स्नायूंवर आणि त्यांच्या कंडरांवर वारंवार जास्त ताण आला की तिथे सूज येते, पुढे कंडरा फाटूही शकतो. चाळिशीनंतर हा धोका वाढतो. म्हणून कमी ताणाच्या धनुष्यापासून सुरुवात करून काही महिन्यांनी पाच-पाच पौंड वाढवत जाणे शहाणपणाचे. झेपते की नाही याची कसोटी सोपी आहे. उभे राहून, बसून आणि गुडघ्यावर टेकून दोरी पूर्ण ओढायची आणि पाच सेकंद न थरथरता धरायची. ओढताना धनुष्य आकाशाकडे उचलावे लागले किंवा हात कापला, तर ते धनुष्य सध्या आपले नाही.

धनुष्यावर लिहिलेला आकडाही नीट वाचावा लागतो. ‘५० पौंड’ म्हणजे २८ इंच ओढल्यावर ५० पौंड. हात आखूड असलेला माणूस २६ इंचच ओढतो. प्रत्येक इंचामागे ताण साधारण दोन ते तीन पौंडांनी कमी होतो, म्हणजे त्याला मिळतात ४४ ते ४६ पौंडच. छोट्या ताजव्याने आपल्या ओढीवर प्रत्यक्ष किती ताण येतो ते मोजून मगच बाण निवडलेला बरा. लाँगबो की रिकर्व्ह, हा प्रश्न त्यामानाने दुय्यम. रिकर्व्ह आखूड असते, झुडपात आणि मचाणावर ते वळवणे सोपे जाते आणि त्याच ताणाला बाण थोडा वेगाने सुटतो. लाँगबो लांब, हलके आणि शांत असते, हाताच्या लहानसहान चुका ते सांभाळून घेते. डुकराची नजर अधू असली तरी कान आणि नाक तीक्ष्ण असतात. आवाज बाणापेक्षा सात पटींनी जास्त वेगाने जातो. १८ मीटर जायला बाणाला ०.४ सेकंद लागतात, तेवढ्यात दोरीचा ‘टण्’ ऐकून जनावर हलू शकते. त्यामुळे शांत धनुष्य हाही एक गुणच. जड बाणाने आवाज आपोआप कमी होतो आणि दोरीवर लोकरीचे गोंडे बांधून तो आणखी दाबता येतो.

अंतर, कोन आणि थांबणे

सामान कितीही जुळवले तरी शेवटी प्रश्न उरतो तो अंतराचा. दिवसाचा पहिला बाण, हात गरम न करता, ज्या अंतरावरून दर वेळी जेवणाच्या ताटलीएवढ्या वर्तुळात लागतो, तेवढेच त्या माणसाचे अंतर. पारंपरिक धनुष्याने बहुतेकांसाठी ते १५ ते १८ मीटर असते. कुणासाठी दहाच मीटर असते आणि ते कबूल करण्यात कमीपणा काही नाही.

कोनही तितकाच महत्त्वाचा. जनावर आडवे किंवा किंचित पाठमोरे तिरपे उभे असावे, म्हणजे बाण ढालीच्या मागून शिरून पुढच्या छातीकडे जातो. जवळचा पुढचा पाय पुढे टाकलेला असेल तर वाट मोकळी होते. समोरून, पूर्ण मागून किंवा डोक्यावर बाण मारू नये. तिथे कवटी आणि जाड हाड असते आणि बाण नुसता जखमी करतो. बाण लागल्यावर लगेच मागे धावू नये. अर्धा तास तरी थांबावे, पोटात लागल्याची शंका असेल तर कित्येक तास. पाठलाग केला की जखमी जनावर जिवाच्या आकांताने दूर जाते, आणि झुडपात कोंडीत सापडलेला नर उलटून सुळे चालवतो. मचाणावर बसणाऱ्याने कमरेला आणि खांद्यांना पट्टा बांधणे तर अनिवार्यच. अमेरिकेत शिकाऱ्यांना होणाऱ्या गंभीर दुखापतींचे एक मोठे कारण सुळे नाहीत, मचाणावरून पडणे हे आहे.

धोका शिकारीबरोबर संपत नाही. रानडुकरांत ब्रुसेला सुइस हा जिवाणू आढळतो. जनावर सोलताना हाताच्या बारीक चिरेतून किंवा डोळ्यांत उडालेल्या रक्तातून तो माणसात येतो. मग चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी असे त्रास आठवडेच्या आठवडे चालतात आणि डॉक्टरला जनावराबद्दल सांगितले नाही तर निदान लांबते. लेप्टोस्पायरोसिस आणि हिपॅटायटिस ई यांचीही शक्यता असते. रबरी हातमोजे, चष्मा आणि नंतर साबणाने हात धुणे हाही म्हणूनच सामानाचाच भाग. त्यातच बाणाचे उघडे पाते अंगात राहिले असेल तर सोलणाऱ्याचा हात कापतो, म्हणून आधी पाते शोधून काढायचे. मांसात ट्रायकिनेला या कृमीच्या अळ्या असू शकतात. ते आतपर्यंत ७१ अंश सेल्सियस तापले पाहिजे. नुसते गोठवून सगळ्या अळ्या मरतील याचा भरवसा नसतो.

आपल्याकडे काय

कोकणातल्या भातखाचरात किंवा विदर्भातल्या शेतात रानडुकरांनी एका रात्रीत केलेली नासधूस शेतकऱ्यांना नवी नाही. पण भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानडुकराची शिकार हा गुन्हा आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर हा प्राणी दुसऱ्या अनुसूचीत आहे. उपद्रवी जनावर मारण्याची परवानगी केवळ अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच मिळू शकते. स्वतःहून तीरकमठा, फास किंवा गावठी बॉम्ब वापरणाऱ्यावर कारवाई होते. पिकाच्या नुकसानीसाठी वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. धनुष्याच्या शिकारीबाबत जगातही एकमत नाही. ब्रिटन आणि जर्मनीत ती बंद आहे, फ्रान्स आणि स्पेनमध्ये नियमांनुसार चालते.

अमेरिकेतही धनुष्याने रानडुकरांची संख्या आटोक्यात येईल, असे कुणी जाणकार म्हणत नाही. मादी वर्षाच्या आतच विण्याच्या वयात येते आणि एका वेळी चार-सहा पिल्ले देते. संख्या आहे तेवढीच ठेवायची म्हटले तरी दरवर्षी सुमारे दोन तृतीयांश डुकरे कमी करावी लागतील, असा टेक्ससमधला अंदाज आहे. ते काम अख्खा कळप एकदम पकडणारे मोठे पिंजरे करतात. धनुष्यवाला एका वेळी एकच जनावर मारतो. म्हणूनच ते एक जनावर कसे मरते याची सगळी जबाबदारी त्याच्यावर येते.

शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ असे आपण म्हणतो, ते इथे शब्दशः खरे ठरते. आधी मजबूत, जड आणि सरळ उडणारा बाण, मग त्यावर दाढीच्या ब्लेडसारखे पाते, मग हाताला झेपेल तेवढेच धनुष्य आणि शेवटी आपले अंतर. एवढे सगळे जुळूनही समोरचे डुक्कर पंचवीस मीटरवर तोंड करून उभे असेल, तर चांगला तिरंदाज दोरी सैल सोडतो, बाण भात्यात ठेवतो आणि घरी परततो.